आत्याचा स्प्रूस

हिमालयातून आणलेली फांदी मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर कुरड्यांच्या शेजारी ठेवली तर तिचं काय होतं, हे कोणत्याही पुस्तकात दिलेलं नाही. मी पुढे जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, भली जाडजूड पुस्तकं चाळली, पण हा प्रयोग आमच्या घराबाहेर कोणी केल्याचं आढळलं नाही. आमच्या घरी तो केला सगुणा आत्यानं, अगदी प्रेमानं आणि मला न विचारता. त्या एका उन्हाळ्याबद्दलच लिहायचं आहे. बाकीचे उन्हाळे तसेही एकमेकांसारखेच होते, घामाचे.

आमच्या नंदनवन वस्तीत तेव्हा आजच्यासारखं घराला घर लागलेलं नव्हतं. मधले प्लॉट मोकळे, त्यांत गाजरगवत आणि कुणाची तरी बांधलेली बकरी. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. तिकडे सफरचंदांच्या ज्या पेट्या वाटेत फुटत, त्यांच्या फळ्या ते सायकलला बांधून घरी आणत आणि सुट्टीच्या दिवशी ठोकाठोक करत बसत. आमचं पुस्तकांचं शेल्फ, जेवायचे पाट, कूलरखालचं स्टूल, सगळं सफरचंदाच्या पेट्यांचं. लाकूड पांढुरकं आणि इतकं हलकं, की आई म्हणायची, "हे लाकूड हाय का पापड?" दुपारभर त्या स्टुलावर कूलर घरघरत असायचा, त्याच्या पंपाची टपटप चालायची, आणि त्या घरघरीवर मात करत आत्याचा आवाज गच्चीवरून यायचा. ती कावळ्यांशी बोलत असे. कावळ्यांना ती नावानिशी शिव्या देत असे, म्हणजे नावंही तिनंच ठेवलेली होती.

आत्या बाबांची मोठी बहीण. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत ती माहेरी परत आली होती. का आली, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. तिचं सासर नागपूरला लागूनच असलेल्या कन्हानचं, त्यामुळे तिच्या जगाचा नकाशा नागपुरात सुरू होऊन कन्हानला संपत होता. मात्र या मुलखात तिचा अंमल मोठा होता. होळी झाली की ती गच्ची ताब्यात घ्यायची. कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या, चार घरचं वाळवण एकटी रेटायची. गच्चीवर जुनी लुगडी पसरून तिनं आखलेली ती रांगोळीच असायची, आणि त्यात पाय ठेवणाऱ्याची खैर नसायची. कुरडईचा गरम चीक वाटीत घालून, वर गोडं तेल टाकून ती मला हाक मारायची, "कुंदे, ये वं, थंडा होऊन राहिला." त्या चिकाची चव आजही जिभेवर आहे, आणि डॉक्टरांनी तेल बंद केलेलं असल्यामुळे जरा जास्तच आहे.

मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेलं. कूळ, प्रजाती, जाती असं वर्गीकरण मी मोठ्यानं पाठ करू लागले की आत्या हातातलं काम थांबवून बघायची. एकदा म्हणाली, "झाडायची बी जात काढता काय वं तुम्ही कॉलेजात? माणसायची काढून पोट नाही भरलं काय?" मी तिला समजावलं, की ही उच्चनीच लावायची भानगड नाही, कोण कुणाच्या नात्यातलं एवढंच यात बघतात. "मंग सोयरीक म्हण ना," ती म्हणाली आणि पुन्हा सोऱ्या फिरवू लागली. पुढे वर्गात शिकवताना मी तिचाच शब्द वापरला. विद्यार्थ्यांना तो लगेच कळायचा.

त्या वर्षी परीक्षा संपल्यावर आमच्या वैरागडे सरांनी सहल हिमाचलला नेली. सर विदर्भातल्या गवतांचे मोठे जाणकार, पण डोंगर चढण्याच्या बाबतीत यथातथाच. त्यांनी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि आम्हाला वर पिटाळलं. प्रत्येकानं एक झाड निवडायचं, त्याची फांदी आणायची, ती वाळवून, कागदावर शिवून नागपूरला सादर करायची. मी वर चढत गेले आणि एका वळणावर थांबलेच. समोर स्प्रूस उभा होता. तिथले लोक त्याला राई म्हणत. सरळसोट खोड मान मोडेपर्यंत वर गेलेलं, आडव्या फांद्या, आणि प्रत्येक फांदीवरून खाली लोंबणाऱ्या बारीक डहाळ्या. पायाखाली मऊ, ओलसर, काळपट जमीन. गार वारा. तोवर गारवा म्हणजे कूलरसमोरची जागा, आणि ती जागा दादाची, एवढंच मला ठाऊक होतं. मी त्या झाडाखाली उभी राहिले आणि मला आनंदानं रडू आलं. का आलं ते सांगता येत नाही, पण आलं. परत इथे यायचं, एवढंच त्या क्षणी ठरवलं.

यायचा रस्ताही समोर होता. सरांचे एक मित्र, नेगी साहेब, वनसंशोधनात होते. जुन्या स्प्रूसच्या खाली नवी रोपं उगवत आहेत की नाहीत, याची पाहणी ते पावसाळ्याआधी करणार होते आणि त्यासाठी त्यांना एक विद्यार्थी मदतनीस हवा होता. मे महिन्यात ते काही कामानं नागपूरला येणार होते. हिमालयातल्या माणसाला मे महिन्यात नागपूर दाखवणं हा क्रूर विनोद आहे, पण तो त्यांच्या नशिबी होता. सरांनी जाहीर केलं, की ज्याचा नमुना नेगी साहेबांना पसंत पडेल, ज्याला आपल्या झाडाची ओळख पटवून देता येईल, तो जाईल. वर्गातल्या मीनाक्षीनं फर निवडला होता. फर म्हणजे स्प्रूसचा चुलतभाऊ, दोघंही पाइनच्या कुळातले, लांबून बघणाऱ्याला सारखेच दिसणारे. मीनाक्षी माझी जिवलग मैत्रीण होती आणि तो महिनाभर मला ती अजिबात आवडत नव्हती.

फांद्या वाळवायची आमची रीत अशी: जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत फांदी पसरायची, तशा घड्यांची चवड दोन लाकडी जाळ्यांमध्ये पट्ट्यांनी आवळायची आणि कागद रोज बदलायचे. घरी आल्यावर मी हे इमानदारीनं सुरू केलं. एक दिवस कॉलेजातून परतले तर शेल्फवरची माझी चवड गायब. वर गेले तर आत्यानं पट्ट्या सोडून, फांदी कागदावर उघडी करून, कुरड्या आणि मूगवड्यांच्या मधोमध, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून उन्हात मांडली होती. "कागद बदलू बदलू तुह्या जीव चालला होता," ती अभिमानानं म्हणाली. "माह्या गच्चीवर एका रोजात वाळून जाते, पाह्य." वाळलीच होती. मी फांदी उचलली आणि तिची सगळी पानं, ती सुईसारखी बारीक पानं, एकदम झरझर खाली पडली. हातात राहिली एक काडी. काही सुया कुरड्यांत गेल्या. त्या उन्हाळ्यातली कुरडई तळली की मधूनच हिमालयाचा वास यायचा.

मी तिथेच बसून रडले. आत्याला मी काही बोलले नाही. पण घरात बोलणारे कमी नव्हते. आई म्हणाली, "बाई, तुम्ही इचारलं असतं तं काय बिगडलं असतं?" दादा म्हणाला, "आत्या, तू तं पुरा हिमालयच भाजून टाकला वं." त्यात मीनाक्षी तिचा फर दाखवायला घरी आली. तिचा फर कागदावर जसाच्या तसा, एकही पान हललेलं नाही. "माझा तर सावलीत वाळवला आम्ही," ती म्हणाली. आत्या दाराशी उभी होती. तिनं ते ऐकलं, मीनाक्षीला पन्हं आणून दिलं आणि आत गेली. त्यानंतर ती जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कावळे आले, कुरडई उचलून घेऊन गेले, आणि वरून काही आवाज आला नाही. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "हे काही ठीक लक्षण नोहे."

मी वर गेले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आत्या मांडी घालून बसली होती. पुढ्यात माझी काडी, वाटीत मैद्याची खळ, आणि परातीत वेचून गोळा केलेल्या सुया. कुरड्यांतून, दगडांखालून, गच्चीच्या फटींतून तिनं त्या वेचल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन ती एकेक पान खळीत बुडवून काडीवर चिकटवत होती. निम्मी काडी झाली होती. काही पानं उलटी लागली होती, काहींवर खळीचे थेंब सुकले होते. एकंदरीत फांदी गोवर आल्यासारखी दिसत होती.

"आत्या, हे काय करून राहिली वं?"

"दिसत नाही काय? लावून राहिली." तिनं वर पाहिलं नाही. "वाटलं नव्हतं मले, पण जमते. याले जागा करून ठेवलेल्या हायेत. पाह्य ना हात लावून. एकेका पानाले बसाले येवढुसा पाट मांडला हाय त्या झाडानं. पान पडलं, पाट तसाच हाय."

मी काडी हातात घेतली आणि बोट फिरवलं. खरखरीत, किसणीसारखी. प्रत्येक गळलेल्या पानाच्या जागी एक बारीक खुंटी उभी. पुस्तकातलं वाक्य मी मोठ्यानं पाठ केलेलं होतं, की स्प्रूसचं पान खुंटीवर बसलेलं असतं आणि ते गळल्यावर खुंटी फांदीवरच राहते. पण हिरव्या फांदीवर दाट पानांखाली ती खुंटी मी कधी धड पाहिलीच नव्हती. आता निम्मी काडी उघडीच पडलेली होती. मी म्हटलं, "आत्या, राहू दे. एवढंच घेऊन जातो मी." तिला ते पटलं नाही. अर्धवट काम घराबाहेर जाणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं, पण मला त्या उघड्या खुंट्याच दाखवायच्या होत्या.

नेगी साहेब त्याच्या दुसऱ्याच दिवशी विभागात आले ते डोक्याला ओला पंचा गुंडाळून. वैरागडे सरांनी त्यांच्या खिशात उन्हाची लू लागू नये म्हणून कांदा घातला होता आणि तो कांदा कशासाठी हे सांगायचं सर विसरले होते, त्यामुळे पाहुणे मधूनमधून तो काढून बघत आणि परत ठेवत. सगळ्यांचे नमुने झाले. मीनाक्षीनं फर सुंदर सांगितला, हे मला कबूल करावंच लागेल. मग माझी काडी टेबलावर आली. मुलं हसली. सर म्हणाले, "कुंदा, हे काय, बाभळीचं दातवण आणलंस का?"

मी काडी नेगी साहेबांकडे सरकवली. म्हटलं, "सर, स्प्रूस. पिसिया स्मिथियाना. हात लावून बघा." नेगी साहेबांनी काडीवरून अंगठा फिरवला. मी मीनाक्षीच्या फरचं एक पान तिच्या परवानगीनं, म्हणजे ती नको म्हणायच्या आत, ओढून काढलं. तिथे खुंटी नव्हती. सपाट, गुळगुळीत, गोल ठसा होता. दोन्ही फांद्या शेजारी ठेवून मी सांगत गेले: चौकोनी पान आणि चपटं पान, खाली लोंबणारी शंकूफळं आणि वर उभी राहणारी, अफगाणिस्तानापासून काश्मीर, हिमाचल, गढवाल करत नेपाळपर्यंत कुठल्या उंचीवर हे झाड राहतं ते. बोलता बोलता भीती कुठे गेली कळलं नाही.

नेगी साहेब चिकटवलेली पानं निरखत होते. "ये किसने लगाए?"

"मेरी बुआ ने. सूख के गिर गए थे ना, गलती से धूप में..."

"धूप का क्या कसूर?" ते हसले. "छाँव में रखतीं, तो भी गिरते. स्प्रूस ऐसा ही है, सूखते ही पत्ते छोड़ देता है. हम तो पहले खौलते पानी में डुबोते हैं, तब जाकर कुछ टिकते हैं." मग त्यांनी खुंटीवर बरोब्बर बसवलेलं एक पान नखानं हलवून पाहिलं. ते हललं नाही. आत्याची खळ पक्की होती.

त्यांनी माझं नाव घेतलं. मला आनंद झालाच, पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरंच वाक्य घुमत होतं, उन्हाचा काय दोष. भर दुपारी सायकल मारत घरी आले, चप्पल घालूनच स्वयंपाकघरात शिरले आणि ओरडले, "आत्या, तुह्या गच्चीनं नाही झालं वं! ते झाडच तसं हाय! सावलीत ठेवलं असतं तरी झडलं असतं!"

आत्यानं मला दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "मंग मी उगाच उपाशी राहिली काय वं?" आणि ताट ओढून भाकरी आणि झुणका घेतला. खाता खाता तिचे डोळे भरून आले तेव्हा तिनं मिरचीला नावं ठेवली. संध्याकाळी गच्चीवरून कावळ्यांचा उद्धार ऐकू आला आणि आईनं सुटकेचा निःश्वास टाकला.

बाबांची परवानगी मिळवायला नेगी साहेब स्वतः घरी जेवायला आले. पाटावर बसताना त्यांनी तो हातानं चाचपला, उलटा करून बघितला आणि मग शेल्फकडे, स्टुलाकडे बघत राहिले. "ये तो हमारे पेड़ हैं," ते म्हणाले. तिकडे सफरचंदांच्या पेट्यांसाठी स्प्रूस आणि फरच कापत होते. पेटी एका हंगामाची, झाड दीडदोनशे वर्षांचं. बाबांचा घास हातातच राहिला. पुढे पुठ्ठ्याची खोकी आली आणि ती तोड थांबली. कुठली झाडं धोक्यात आहेत याच्या याद्यांमध्ये या झाडाची गणना आजही काळजी नसलेल्यांत होते. पण गुरं चरतात, पानांचा थर साचतो आणि म्हाताऱ्या झाडांखाली रोपं दिसत नाहीत, ही त्या वेळची चिंता अजून जुनी झालेली नाही. माझा पुतण्या विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात नोकरी करतो, तो म्हणतो, यादीत सेफ आहे ना, मग टेन्शन कशाला. मी त्याला म्हणते, घरात सगळे साठीच्या पुढचे असले तर घर भरलेलंच दिसतं, पण लहान लेकरू दिसत नाही त्याचं काय.

बाबांना पोरगी एकटी पाठवायची नव्हती. "कोणी बाईमाणूस संगं पाह्यजे, साहेब," ते म्हणाले. आईला घर सुटेना. मग पोळी वाढता वाढता आत्या म्हणाली, "मी जातो ना संगं." बाबा म्हणाले, "तू? अवो, तिकडं थंडी किती हाय, मालूम हाय काय तुले?" आत्या म्हणाली, "नाही ना. तेच तं."

आम्ही गेलो. दादाचा स्वेटर, त्यावर बाबांचा कोट, खाली नऊवारी आणि पायांत रेल्वेच्या गार्डचे बूट, अशा थाटात सगुणा आत्या डोंगर चढली. धापा टाकत, थांबत, भेटेल त्या मेंढपाळाची आपल्या हिंदीत चौकशी करत ती चढली. मी तिला त्या वळणावर घेऊन गेले. नुकतीच पावसाची सर येऊन गेली होती आणि डहाळ्यांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं.

"हे तं नाहून केस मोकळे सोडल्यावानी उभं हाय वं," ती म्हणाली. जवळ गेली, खोडावर तळहात ठेवला. मग खाली वाकून एक ओली डहाळी हातात घेतली, पण पानाला हात लावायचं तिला धैर्य होईना. मी सांगितलं, "लाव हात. हे नाही झडत." तिनं बोट फिरवलं. पानं जागच्या जागी होती. ती तिथेच एका दगडावर टेकली. वारा सुटला तशी तिनं कोटाची कॉलर वर केली आणि डोळे मिटून तोंड वाऱ्याकडे धरलं.

"कुंदे," ती शेवटी म्हणाली, "असं बी ठिकाण हाय म्हणून मले आधी कोणी काहून नाही सांगतलं वं?"

खालून नेगी साहेबांची हाक आली. रोपं मोजायचं काम सुरू होत होतं. मी तिला उठवायला हात पुढे केला.

"तू जाय," आत्या म्हणाली. "मी बसतो."